एड्स प्रतिबंध आणि आपली वस्ती

दरवर्षी १ डिसेंबर हा दिवस जागतिक एड्स दिन म्हणून पाळला जातो. १९८८ सालापासून ही प्रथा चालत आली आहे. त्या दिवशी प्रभातफेऱ्या निघतात, छातीवर लाल फीत लावली जाते, नाक्यावर पथनाट्य होते आणि भिंतीवर नवा फलक लागतो. दुसऱ्या दिवशी फलक तिथेच असतो. परंतु त्या फलकाखाली उभे राहून चहा पिणाऱ्या माणसाच्या वागण्यात काही फरक पडला काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात तो प्रश्न विचारावा आणि आपल्या वस्तीच्या संदर्भात त्याचे उत्तर शोधावे, असे आम्ही योजिले आहे.

मुंबईसारख्या शहरातील चाळीत किंवा झोपडपट्टीत 'एड्स' हा शब्द न ऐकलेला प्रौढ माणूस आज सापडणे कठीण. पण शब्द ऐकणे वेगळे, समजणे वेगळे आणि समजल्याप्रमाणे वागणे त्याहून वेगळे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, १५ ते ४९ वयोगटातील पुरुषांपैकी सुमारे ३१ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के व्यक्तींनाच या रोगाचे पुरेसे व अचूक ज्ञान होते. संपूर्ण देशाचा हा आकडा आहे. शब्द घरोघरी पोचला, अर्थ मात्र वाटेत अडकला, असाच याचा अर्थ होतो.

थोडा इतिहास

आपल्या देशात एच.आय.व्ही. हा विषाणू प्रथम १९८६ साली चेन्नई येथे रक्ततपासणीत आढळला. त्यापाठोपाठ मुंबईतही रुग्ण सापडू लागले. मुंबई हे बंदर. पोटासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले, बायकामुले गावी ठेवून दहा-पंधरा जणांत एक खोली करून राहणारे हजारो पुरुष येथे. मालमोटारींची ये-जा रात्रंदिवस चालू. अशा शहरात हा रोग झपाट्याने पसरला यात नवल नाही. १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे 'नॅको', स्थापन केली. १९९८ साली मुंबईसाठी स्वतंत्र एड्स नियंत्रण संस्था सुरू झाली.

त्या काळात औषधे नव्हती असे नाही, पण ती गरिबाच्या आवाक्यात नव्हती. २००१ साली मुंबईच्याच सिप्ला या कंपनीने तीन औषधांचा संच दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी किमतीत देऊ केला, तेव्हा साऱ्या जगात खळबळ उडाली. पुढे १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक सरकारी रुग्णालयांत ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. २०१७ पासून तर बाधा निश्चित झालेल्या प्रत्येक व्यक्तीस, प्रकृती कशीही असो, लगेच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे.

या प्रयत्नांना यश आले आहे. २०१० च्या तुलनेत २०२३ मध्ये देशातील नव्या लागणींचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाले. तरीही २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत होते आणि त्यांत सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती. म्हणून हा विषय जुना झाला असे कोणी समजू नये.

रोग म्हणजे नेमके काय

एच.आय.व्ही. हा विषाणू आहे आणि एड्स ही त्याच्यामुळे ओढवणारी अवस्था आहे. हा विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. उपचार न घेतल्यास काही वर्षांत ही शक्ती खचते आणि क्षयासारखे रोग शरीराचा ताबा घेतात. हवा-उजेड नसलेल्या दाटीवाटीच्या खोल्यांत क्षय आधीच फार. त्यामुळे आपल्यासारख्या वस्तीत या दोन रोगांची जोडी विशेष घातक ठरते. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची एच.आय.व्ही. तपासणी करतात ती याच कारणासाठी.

लागण होण्याचे मार्ग मोजकेच आहेत : बाधित व्यक्तीशी कंडोमशिवाय आलेला लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि बाधित मातेकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, एक संडास वापरल्याने, हात मिळवल्याने, खोकल्याने किंवा कपडे एकत्र धुतल्याने हा रोग होत नाही. डास चावल्यानेही होत नाही. डासाच्या शरीरात हा विषाणू वाढत नाही, आणि डास चावताना आधी प्यालेले रक्त दुसऱ्याच्या अंगात सोडत नाही. सार्वजनिक नळावर आणि सार्वजनिक शौचालयावर ज्यांचे सारे जीवन अवलंबून आहे, त्यांनी ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. कारण एखाद्या कुटुंबाला नळावरून हुसकून लावण्याचे निमित्त याच गैरसमजातून मिळते.

सुईबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. 'इंजेक्शन घेतल्याशिवाय बरे वाटत नाही' ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. २०१८ च्या प्रारंभी उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊ भागात, अनेक गरीब लोक एकाच वेळी बाधित आढळले आणि पदवी नसलेल्या एका वैद्याने तीच सुई पुन्हा पुन्हा वापरल्याचा आरोप झाला. पाकीट आपल्या समोर फोडून नवी सुई घेण्याचा आग्रह धरणे हा उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.

कळते, पण वळत नाही

माहिती असूनही माणूस तसा का वागत नाही? या प्रश्नाला 'अज्ञान' हे सोपे उत्तर दिले जाते. आमच्या मते ते अपुरे आहे.

२००२ सालाच्या अखेरीस मुंबईत एक मोठी जाहिरात मोहीम झाली होती, ती चाळिशीच्या वाचकांना आठवत असेल. बलबीर पाशा नावाच्या काल्पनिक माणसाला एड्स होईल का, असा प्रश्न रस्त्यावरच्या फलकांवर, लोकल गाड्यांत, आकाशवाणीवर आणि दूरदर्शनवर विचारला जात होता. बलबीर एरवी सावध असतो, पण दारू प्याल्यावर कंडोम विसरतो. तो एकाच ओळखीच्या स्त्रीकडे जातो, म्हणून निर्धास्त राहतो. समोरची व्यक्ती धडधाकट दिसते, म्हणून धोका नाही असे मानतो. या साऱ्या सबबी खऱ्या आयुष्यातल्या होत्या. स्वतःविषयी बोलायला लाजणारे पुरुष बलबीरविषयी मात्र मोकळेपणाने बोलू लागले, हे त्या मोहिमेचे बलस्थान. तिच्यावर टीकाही झाली. रोगाचे खापर शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रीवर फुटते आणि पुरुष केवळ फसलेला भोळा ठरतो, असा आक्षेप घेतला गेला. आम्हाला तो आक्षेप योग्य वाटतो.

कारण घरातील स्त्रीचे काय? पुणे येथील तत्कालीन राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या आणि शरीरविक्रयाशी संबंध नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एच.आय.व्ही.ची बाधा झालेली आढळली. त्यांतील बहुतेक विवाहित होत्या आणि पतीशिवाय त्यांचा कोणाशीही संबंध नव्हता. एकनिष्ठ राहा, हा उपदेश त्यांनी पाळलाच होता. त्यांच्या बाबतीत उणीव ज्ञानाची नव्हती. पतीला 'कंडोम वापरा' किंवा 'तपासणी करून या' असे सांगण्याची ताकद त्यांच्याजवळ नव्हती. घर त्याच्या नावावर, मिळकत त्याच्या हातात आणि माहेरची वाट बंद अशी ज्या स्त्रीची स्थिती आहे, तिला केवळ पत्रक देऊन काय होणार?

सोनागाछीचा धडा

ही ताकद कशी येते, याचे एक उदाहरण कोलकात्यातील सोनागाछी या वस्तीने घालून दिले. १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकाराने तेथे आरोग्य प्रकल्प सुरू झाला. बाहेरून व्याख्याते आणण्याऐवजी त्याच व्यवसायातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवीच प्रचार करण्यात आला. लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. कंडोमचे महत्त्व पटलेली स्त्रीसुद्धा, घरभाडे थकलेले असले आणि सावकार दारात उभा असला की, कंडोम नाकारणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवू शकत नव्हती.

म्हणून १९९५ साली तेथील स्त्रियांनी 'उषा' नावाची स्वतःची सहकारी पतसंस्था काढली. तेथे त्या बचत करू लागल्या आणि अडीनडीला वाजवी व्याजाने कर्ज घेऊ लागल्या. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. पासबुकातली शिल्लक माणसाला किती धीर देते, हे आम्ही काउंटरवर रोज पाहतो. परंतु पासबुक हे रोगप्रतिबंधाचे साधन होऊ शकते, हे आम्हाला सोनागाछीने शिकवले. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत, त्यालाच 'नाही' म्हणणे परवडते. महाराष्ट्रातही १९९२ पासून सांगली येथे 'संग्राम' या संस्थेने, त्या त्या समूहातील स्त्रियांनाच कार्यकर्त्या करून, याच वाटेने काम केले आहे.

हा धडा केवळ त्या व्यवसायापुरता नाही. आपल्या वस्तीतील धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या भगिनींचा बचत गट मजबूत असेल, तर त्यांच्या घरातही त्यांच्या शब्दाला वजन येते.

चाचणीच्या दारापर्यंत

दुसरी अडचण चाचणीची. सरकारी व महापालिका रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी मोफत होते. आधी समुपदेशक समजावून सांगतात, संमती घेतात, मग रक्ताचा नमुना घेतला जातो. पहिल्या तपासणीत दोष दिसला तर वेगवेगळ्या पद्धतींच्या एकूण तीन तपासण्या झाल्याशिवाय बाधा असल्याचे सांगितले जात नाही. लागण झाल्यानंतरचे काही आठवडे ती तपासणीत दिसत नाही. म्हणून धोका पत्करला गेला असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी. फुकट तपासणी होते म्हणून रक्तदान शिबिरात रक्त देणे हा मात्र घोर अपराध समजावा. त्या काळातले रक्त दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

गर्भवती भगिनींनी तर ही चाचणी अवश्य करून घ्यावी. उपचार न केल्यास बाधित मातेकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर उपचार केल्यास ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. सुईची इजा किंवा लैंगिक अत्याचार यांसारखा प्रसंग ओढवल्यास ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, सरकारी रुग्णालय गाठावे. तेथे २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध मिळते. शंका विचारण्यासाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे नाव सांगावे लागत नाही.

उपचारही आता सोपे झाले आहेत. बहुतेक प्रौढांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. नियमित औषध घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके खाली येते की ते तपासणीत सापडत नाही, आणि ते तसेच टिकले तर त्याच्यापासून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे एकाचा उपचार हाच दुसऱ्याचा प्रतिबंध ठरतो. ज्या वाचकांच्या मनात 'एड्स म्हणजे मरण' हे जुने वाक्य अजून बसले आहे, त्यांनी ते आता पुसून टाकावे.

मग एवढे सारे मोफत असताना लोक जात का नाहीत? नाक्यावर उभे राहून काम मिळवणाऱ्या मजुराची अर्ध्या दिवसाची रांग म्हणजे दिवसाची मजुरी गेली. ही झाली एक अडचण. पण खरी अडचण ती नव्हे. रांगेत आपल्या गल्लीतले कोणी भेटेल काय, फाईल कोणी पाहील काय, घरमालक खोली खाली करायला सांगेल काय, मुलीचे लग्न मोडेल काय, ही ती खरी अडचण. आपल्या वस्तीतला माणूस आज रोगाला भीत नाही तितका शेजाऱ्याला भितो. आणि तो शेजारी म्हणजे आपणच.

गुप्तता आणि कायदा

बँकेत नोकरीला लागताना प्रत्येकाला गुप्तता पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. एकाच्या खात्यातील रक्कम दुसऱ्याला, मग तो सख्खा भाऊ का असेना, आम्ही सांगत नाही. पैशाच्या बाबतीत जो नियम आपल्याला रास्त वाटतो, तो माणसाच्या रक्ताच्या बाबतीत आपण का पाळू नये?

या अधिकारासाठी काहींनी मोठी किंमत मोजली आहे. गोव्यातील डॉमिनिक डिसोझा हे नियमित रक्तदाते. १९८९ साली रक्तदानाच्या निमित्ताने त्यांची बाधा उघड झाली, तेव्हा त्यांना पोलिसांकरवी नेऊन एका जुन्या क्षय रुग्णालयात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवण्यात आले. त्यांच्या आईने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. सुटल्यावर डॉमिनिक स्वस्थ बसले नाहीत. बाधितांसाठी त्यांनी संस्था उभी केली आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर एका रोजंदारी मजुराचे प्रकरण आले. वैद्यकीय तपासणीत बाधा आढळताच एका महामंडळाने त्याचे काम बंद केले होते. न्यायालयाने त्याला खरे नाव न सांगता दावा चालवण्याची मुभा दिली, आणि जो माणूस काम करण्यास समर्थ आहे त्याला केवळ बाधा आहे म्हणून कामावरून दूर करता येणार नाही, असा निर्णय दिला. आपल्यासारख्या कष्टकऱ्यांच्या दृष्टीने या निकालाचे मोल फार मोठे आहे.

पुढे २०१७ साली संसदेने एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संमत केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी करणे, परवानगीशिवाय एखाद्याची बाधा उघड करणे, नोकरी, शिक्षण, उपचार किंवा भाड्याची जागा नाकारणे, या गोष्टींना या कायद्याने मनाई केली आहे. कायदा पुस्तकात असतो आणि माणूस चाळीत राहतो, हे खरे. तरी हक्क माहीत असलेला माणूस सहसा मुकाट्याने घर सोडून जात नाही.

आपण काय करू शकतो

आपल्यासारख्या संस्थेच्या हातात रुग्णालय नाही, औषध नाही. परंतु शेजारधर्म आपल्या हातात आहे. वर्षातून एक भाषण ठेवण्याऐवजी रविवारी किंवा संध्याकाळी, मजुरी बुडणार नाही अशा वेळी, महापालिकेच्या साहाय्याने चाचणी शिबिर भरवता येईल. त्यात क्षय, मधुमेह, रक्तदाब अशा सर्वच तपासण्या एकत्र ठेवल्या, तर रांगेत कोण कशासाठी उभे आहे हे कोणाला कळणार नाही. आरंभी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनीच सपत्निक तपासणी करून घ्यावी, म्हणजे इतरांची भीड चेपेल. लग्न ठरवताना पत्रिकेऐवजी दोन्ही बाजूंच्या संमतीने रक्ततपासणी व्हावी, हेही सुचवावेसे वाटते. ती दोघांची व्हावी, एकट्या मुलीची नव्हे, आणि तिचा निकाल त्या दोघांपुरताच राहावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडून आमची विशेष अपेक्षा आहे. तुम्ही शिकलेले आहात, आणि घरातील वडीलधाऱ्यांना जे विचारायची लाज वाटते ते तुम्ही वाचू शकता. वस्तीत कोणाच्या आजाराविषयी कुजबुज सुरू झाली की ती पुढे न नेता तुमच्याजवळच थांबवा. तेवढ्याने एखादा माणूस उद्या चाचणी केंद्राची पायरी चढेल, वेळेवर औषध घेईल, आणि त्याची पत्नी व मूल वाचेल. फलक लावणे सरकारचे काम आहे. त्या फलकाखालून निर्भयपणे दवाखान्यात जाता येईल अशी गल्ली निर्माण करणे हे काम मात्र आपले आहे, आणि ते सर्वांनी मिळून करावे, एवढीच नम्र विनंती.